द्राक्षबागेतले निमॅटोड ओळखायचे कसे? मातीच्या पिशवीपासून मायक्रोस्कोपपर्यंत (आणि थोडं ऑलिव्हबद्दल)

खरड छाटणी (उन्हाळ्यातली) झाली की निफाड, दिंडोरीपासून तासगावपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो, की बाग फुटायला पाहिजे तशी फुटत नाही, काडी बारीक येतेय, निमॅटोड असेल का आणि काय सोडू? आणि दुकानदार "असेलच, हे सोडा" म्हणून बाटली हातात ठेवतो. माती कोणी बघितलेली नसते, मूळ कोणी उपटून पाहिलेलं नसतं. औषध कुठलं सोडायचं ते या लेखात नाही, त्याच्या आधीचं काम आहे, म्हणजे बागेत निमॅटोड, मराठीत सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, आहेत का, असतील तर कुठल्या गटाचे, हे नवशिक्याने स्वतः कुठपर्यंत बघायचं आणि पुढे लॅबला कधी द्यायचं.

आधीच सांगतो, पानं बघून निमॅटोड ओळखता येत नाही, कोणालाच नाही. पिवळेपणा, खुजी वाढ, दुपारी ठिबक चालू असूनही पानं मलूल, घड लहान, हे सगळं चोपण जमिनीत होतं, पाण्यात क्षार जास्त असले तरी होतं, लोहाची कमतरता असली तरी होतं, मुळं पाण्यात बसली तरी होतं. पानावरून फक्त एवढंच कळतं की खाली काहीतरी गडबड आहे, आणि पॅच कुठे आहे. सूत्रकृमीचा त्रास बहुतेक वेळा ठिगळासारखा दिसतो, एका ओळीत आठ-दहा वेली मागे आणि शेजारची ओळ मस्त. सगळी बाग एकसारखी पिवळी पडली असेल तर आधी पाण्याच्या आणि पानाच्या देठाच्या तपासणीचा रिपोर्ट काढा.

शेताचा इतिहास पण लिहून ठेवा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं. द्राक्षाच्या आधी तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, पपई किंवा डाळिंब होतं का? गाठी करणारा सूत्रकृमी म्हणजे मेलॉयडोगायनी, आणि आपल्याकडे त्यातले इनकॉग्निटा आणि जावानिका हे दोन जास्त, यांना ही सगळी पिकं फार आवडतात. टोमॅटोच्या रानात लावलेल्या बागेत तो आधीपासून बसलेलाच असतो. "पण आमची बाग डॉगरिजवर आहे" असं लगेच कोणीतरी म्हणेल. डॉगरिज खुंट (खुंट म्हणजे खालचं मुळांचं झाड, ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात) गाठीच्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही हे खरं, पण खुंटाची ताकद एका गटापुरती असते, सगळ्या सूत्रकृमींना पुरून उरणारा खुंट नसतो, त्यामुळे खुंटाच्या नावावर निदान करू नका.

मूळ उकरून बघा

कुदळीने नाही, खुरप्याने. बोदावर ड्रिपरच्या खाली, खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, वरचा दोन इंच सुका थर बाजूला करायचा आणि हळूहळू पांढरी मुळी शोधायची. जाड तपकिरी मुळांवर वेळ घालवू नका, सूत्रकृमी बारीक, नव्या, अन्न घेणाऱ्या मुळांवर असतात. मूळ ओढून काढलं तर बारीक मुळ्या जमिनीतच तुटून राहतात आणि हातात जे येतं त्यावर काहीच दिसत नाही, म्हणून मातीच्या ढेकळासकट उचला, बादलीत पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. नळाची जोरात धार मारायची नाही.

आता पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात मूळ पसरवा आणि दहा पट भिंगातून बघा. टोमॅटोच्या मुळावर बोराएवढ्या गाठी बघायची सवय असलेला माणूस इथे फसतो, कारण द्राक्षाच्या मुळावरची गाठ फार लहान असते, मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी एकामागे एक ओवल्यासारखी. गाठ म्हणजे मूळ स्वतः फुगलेलं असतं, ती नखाने निघत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की बऱ्याच जणांनी दोन ओळींमध्ये ताग किंवा धैंचा घेतलेला असतो आणि त्याची मुळं द्राक्षाच्या मुळात गुंतलेली असतात, त्यावरच्या नत्राच्या गाठी बघून लोक घाबरतात. त्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, चिमटीत धरल्या की सुटून येतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी निघतात. ती चांगली गोष्ट आहे, तिच्यावर औषध ओतू नका.

खरी गाठ मिळाली की शिवणाची सुई घ्या आणि भिंगाखाली गाठ हळूच फाडा. आत मोत्यासारखा पांढरा, पेअर फळाच्या आकाराचा, टाचणीच्या डोक्याहून लहान दाणा दिसेल, चमकतो तो. तीच मादी. तिच्या मागच्या बाजूला गाठीच्या सालीवर पिवळट-तपकिरी चिकट थेंबासारखं काहीतरी असतं, ते अंड्यांचं पुंजकं, त्यात शेकडो अंडी असतात. हे पुंजकं नुसत्या डोळ्यांना सापडत नसेल तर लॅबमध्ये फ्लॉक्झिन बी नावाचा रंग वापरतात, लिटरला 0.15 ग्रॅम, त्यात मूळ 15-20 मिनिटं ठेवलं की पुंजकी लालभडक होतात. घरी करायचं असेल तर केकवाल्यांचा लाल फूड कलर पण चालतो, थोडा जास्त वेळ लागतो इतकंच.

मादी दिसली म्हणजे गाठीचा सूत्रकृमी आहे, यात शंका नाही, मायक्रोस्कोप नसला तरी. पण गाठ नाही म्हणजे सूत्रकृमी नाही असं मात्र नाही!! बाकीचे बरेचसे गट गाठी करत नाहीत. प्रॅटिलेंकस मुळाच्या आत फिरतो आणि तपकिरी-काळे चट्टे पाडतो. झिफिनेमा बाहेर मातीतच राहून मुळाच्या टोकाला लांब सुई खुपसतो, त्याने टोक फुगतं, वाकतं आणि वाढ तिथेच थांबते. रोटिलेंक्युलस रेनिफॉर्मिस, म्हणजे किडनीच्या आकाराचा, याची मादी अर्धी मुळात अर्धी बाहेर असते आणि तिच्या अंड्यांच्या चिकट थरावर मातीचे कण बसलेले असतात, म्हणून मूळ धुऊनही काही जागी माती चिकटून राहिली तर तिथे भिंग लावा.

मातीचा नमुना, इथेच सगळे चुकतात

एनपीकेच्या तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो, ढेकळं फोडतो, चाळतो. सूत्रकृमीसाठी यातलं काहीही करायचं नाही. माती वाळली की ते मरतात किंवा हलायचे थांबतात आणि रिपोर्ट शून्य येतो, मग माणूस निर्धास्त. नमुना ओलसर पाहिजे, वाफसा असताना घ्या, चिखल पण नको आणि फुफाटा पण नको. नव्या मुळ्या चालू असतात तेव्हा घ्या, म्हणजे खरड छाटणीनंतर पाऊस लागल्यावर किंवा गोडी छाटणीनंतर (फळासाठीची, ऑक्टोबरच्या आसपासची) महिनाभराने. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वरच्या थरातून घेतलेल्या नमुन्यावर माझा तरी विश्वास नाही.

कुठून घ्यायचा? मेलेल्या वेलीखालून नको. मेलेल्या वेलीला जिवंत मूळच नसतं, सूत्रकृमी उपाशी मरून संख्या खाली आलेली असते. पॅचच्या कडेवरच्या, अजून हिरव्या पण मागे पडलेल्या वेली निवडा, तिथे संख्या सगळ्यात जास्त सापडते. आणि त्याच प्लॉटमधल्या चांगल्या वेलींखालून वेगळा नमुना घ्या, वेगळ्या पिशवीत, कारण नुसता एक आकडा घेऊन काय करणार, तुलना करायला काहीतरी पाहिजे ना. प्रत्येक नमुन्यासाठी 15-20 ठिकाणांहून थोडी थोडी माती, ड्रिपरखालून, वरचा सुका थर सोडून साधारण फूट-दीड फूट खोलीपर्यंत. द्राक्षाची मुळं खोल जातात आणि झिफिनेमासारखे खाली पण असतात, त्यामुळे चार इंचावर थांबू नका. सगळी माती घमेल्यात हलक्या हाताने मिसळा आणि अर्धा किलो घ्या, सोबत मूठभर बारीक मुळ्या त्याच पिशवीत, मातीत गुंडाळून, म्हणजे सुकत नाहीत.

प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधलेलं, आणि ती दुसऱ्या पिशवीत. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीत पसरते, आणि चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. त्यावर प्लॉट, वाण, खुंट, तारीख, आधीचं पीक एवढं असलं की झालं. मग ती पिशवी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा बाइकच्या हँडलला लटकवून दिवसभर फिरवायची नाही, आतलं तापमान चाळीसच्या वर गेलं की खेळ खल्लास. त्याच दिवशी देता येत नसेल तर सावलीतल्या गार जागी किंवा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. आठवड्याच्या आत तपासणी झाली पाहिजे.

मातीतून सूत्रकृमी बाहेर काढणे

घरी करायची सगळ्यात सोपी पद्धत ताटलीची. मूळ कल्पना 1917 ची, बेअरमान नावाच्या डॉक्टरने माणसाच्या आतड्यातल्या हुकवर्मच्या अळ्या मातीतून काढायला फनेल वापरलं होतं, आपण फनेलच्या ऐवजी पसरट ताटली वापरतो कारण तिच्यात हवा चांगली खेळते. प्लास्टिकची पसरट चाळणी घ्या, त्यात टिश्यू पेपर दोन पदरी अंथरा, त्यावर माती पातळ थरात पसरा, आणि चाळणी ताटलीत ठेवून कडेने पाणी ओता, माती खालून जेमतेम भिजली पाहिजे, वर पाण्याची तळी नको. 24 ते 48 तास हलवायचं नाही. जिवंत सूत्रकृमी टिश्यूतून खाली पाण्यात उतरतात, माती वरच राहते. चाळणी हळूच उचला, ताटलीतलं पाणी ग्लासात ओता, दोन-तीन तास स्थिर ठेवा आणि वरचं पाणी सावकाश काढून तळाचे 20 मिली ठेवा. मुळांचं पण असंच, कात्रीने बारीक तुकडे करून टिश्यूवर.

या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवा, जे हलतात तेच खाली येतात. अंडी येत नाहीत, गाठीतली मादी येत नाही, अंगावर जाड कडी असलेले रिंग निमॅटोड इतके मंद असतात की ते जवळजवळ येतच नाहीत, आणि झिफिनेमा अंगाने लांब असल्यामुळे टिश्यूतून कमी उतरतो. म्हणून लॅबमध्ये कॉब नावाच्या शास्त्रज्ञाची चाळण्यांची पद्धत आधी करतात. 200 सीसी माती बादलीत दोनेक लिटर पाण्यात हाताने मोडायची, ढवळायचं, जड वाळू खाली बसेपर्यंत काही सेकंद थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी एकाखाली एक चाळण्यांतून ओतायचं, 20 मेशवर (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली छिद्रं, आकडा मोठा तितकी चाळणी बारीक) काडीकचरा अडकतो, 60 आणि 200 मेशवर झिफिनेमासारखे मोठे, आणि 400 मेशवर, म्हणजे 38 मायक्रॉनवर, गाठीच्या सूत्रकृमीची पिल्लं. आपल्या काळ्या मातीत 400 ची चाळणी चिकणमातीने लगेच बंद पडते, तेव्हा खालून बोटाने टिचक्या मारत राहायचं, आणि माती आधीच तासभर पाण्यात भिजवून ठेवली तर निम्मा ताप कमी. चाळणीवरचा गाळ मग ताटलीच्या पद्धतीने स्वच्छ करतात. रिंग निमॅटोड बघायचा असेल तर साखरेच्या घट्ट द्रावणात सेंट्रिफ्यूज करावं लागतं, ते घरचं काम नाही.

मायक्रोस्कोपखाली: आधी सुई शोधा

ऑनलाइन मिळणारा मोबाइलला लावायचा स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोप घेऊ नका, त्यात वळवळ दिसते पण तोंड दिसत नाही. कॉलेजच्या लॅबमधला साधा कंपाउंड मायक्रोस्कोप, 100 आणि 400 पट, पुरे. एक सूत्रकृमी उचलायचा असेल तर टूथपिकच्या टोकाला नेलपॉलिशने पापणीचा केस चिकटवा, 40 पटीखाली त्याच्या अंगाखाली केस घालून वर उचला, पाण्याचा पृष्ठभाग फोडताना तो पडतो, दहादा पडतो, मग जमतं. स्लाइडवर थेंबात ठेवून मेणबत्तीवर दोन-तीन सेकंद धरा, हलायचा थांबला की बास, उकळवायचा नाही. थेंबात केसाचे दोन तुकडे टाकून मग कव्हर स्लिप ठेवा, नाहीतर चेपून जातो.

थेंबात जे वळवळतं त्यातले बरेचसे आपले शत्रू नसतात, बॅक्टेरिया खाणारे, बुरशी खाणारे, दुसऱ्या सूत्रकृमींना खाणारे असे असतात आणि शेणखत भरपूर टाकलेल्या बागेत तर यांचीच गर्दी. जोरजोरात फडफडणारे बहुतेक हेच. त्यामुळे नुसती संख्या बघून "बापरे एवढे" म्हणायचं नाही. प्रत्येकाच्या तोंडात सुई आहे का, हे बघायचं. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई, तिला स्टायलेट म्हणतात, आणि तिच्या बुडाशी तीन गोल गोट्या. त्या गोट्या दिसल्या, आणि त्यांच्या मागे अन्ननलिकेत मध्यावर एक गोल फुगा आणि त्या फुग्यात झडप दिसली, की तो आपल्या कामाच्या गटातला. तोंडात सुई नसून सरळ नळी किंवा मोठा दात असेल तर सोडून द्या. फुगा जवळजवळ अंगाच्या पूर्ण रुंदीएवढा मोठा असेल तर तो बहुधा बुरशी खाणारा.

सगळ्यात जास्त गोंधळ डोरिलेमिड गटाचा. त्यांच्या तोंडात पण भाल्यासारखं काहीतरी असतं, पण गोट्या नसतात, मधला फुगा नसतो, अन्ननलिका पुढे बारीक आणि मागे जाड, बाटलीसारखी. हे बहुतेक निरुपद्रवी. पण याच दूरच्या खानदानात झिफिनेमा आणि लाँगिडोरस बसतात, ते मात्र खरे त्रासदायक, आणि ओळखायला सोपे, कारण सुई प्रचंड लांब. गाठीच्या सूत्रकृमीच्या पिल्लाची सुई 10-12 मायक्रॉन, आणि झिफिनेमा इंडेक्सची बुडाच्या भागासकट दोनशेच्या आसपास, अंग तीन मिलिमीटर. झिफिनेमाच्या सुईच्या बुडाला पाकळ्यांसारख्या कडा असतात आणि सुईभोवतीचं कडं मागच्या बाजूला असतं, लाँगिडोरसला पाकळ्या नाहीत आणि कडं पार पुढे तोंडाजवळ. झिफिनेमाकडे जास्त लक्ष द्यायचं कारण व्हायरस, 1958 साली कॅलिफोर्नियात ह्युइट, रास्की आणि गोहीन यांनी दाखवलं की झिफिनेमा इंडेक्स द्राक्षाचा फॅनलीफ व्हायरस एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतो, सूत्रकृमी वनस्पतीचा व्हायरस पसरवतो हे सिद्ध झालं ते तेव्हाच पहिल्यांदा.

मग बघा मेल्यावर तो कसा पडतो, गरम करून शांत केलेल्या सूत्रकृमीचा आकार हा फार कामाचा पुरावा आहे. हेलिकोटायलेंकस नावाचा गट स्प्रिंगसारखा गुंडाळतो, एकदा पाहिला की विसरत नाही. प्रॅटिलेंकस जवळजवळ सरळ काडी, डोकं चपटं आणि गडद, सुई आखूड पण दणकट. रेनिफॉर्मची कोवळी मादी सी आकारात. झिफिनेमा पण सी किंवा जे. रिंग निमॅटोड बुटका, जाड, अंगभर ठसठशीत कडी. आणि मेलॉयडोगायनीचं दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू बारीक, 0.4 मिलिमीटरच्या आसपास, किंचित वाकलेलं, सुई नाजूक, शेपटी निमुळती आणि टोकाला काचेसारखा पारदर्शक भाग. मातीत त्याचं हेच रूप भेटतं, मादी मुळातच असते.

मोजायचं कसं तर 20 मिली पाणी नीट ढवळून लगेच 1 मिली काढा, फक्त सुईवाले मोजा, गटवार, असं तीनदा. समजा 12, 15, 12 आले, सरासरी 13, गुणिले 20, म्हणजे घेतलेल्या 200 सीसी मातीत 260. लॅबच्या रिपोर्टमध्ये पण आकडा किती मातीमागे आहे आणि कुठल्या पद्धतीने काढलाय ते विचारा, ते लिहिलेलं नसेल तर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून भांडत बसू नका.

गट कळला, जात कुठे कळते?

इथे थांबा. इनकॉग्निटा की जावानिका हे पिल्लू बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी मादीच्या मागच्या टोकाची कातडी कापून त्यावरचे बोटाच्या ठशासारखे वळे बघतात, इनकॉग्निटाची वरची कमान उंच आणि चौकोनी, जावानिकाला दोन्ही बाजूंनी स्पष्ट आडव्या रेषा, पण ते करायला हात बसावा लागतो आणि मिश्र नमुन्यात तेही फसवतं, मग एन्झाइमचे पट्टे किंवा डीएनए. कृषी विद्यापीठाच्या सूत्रकृमी विभागाला द्या, पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथे विचारा. खुंट निवडायचा असेल किंवा बाग काढून नवीन लावायची असेल तर जात माहीत असणं उपयोगाचं, नाहीतर गट पुरे.

मायक्रोस्कोप अजिबातच नसेल तर टोमॅटोला कामाला लावा. संशयित माती दोन-तीन कुंड्यांत भरा, शेजारी तीच माती चांगली वाफवून गार करून एका कुंडीत, सगळ्यांत जुन्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या वाणाचं रोप, पुसा रुबी चालेल. सहा आठवड्यांनी उपटून मूळ धुवा. उबदार हवेत या सूत्रकृमीचं आयुष्यचक्र महिनाभरात पूर्ण होतं त्यामुळे गाठी स्पष्ट दिसतात, थंडीत मात्र ही परीक्षा घेऊ नका. यात फक्त गाठीवाला सापडतो, झिफिनेमा, प्रॅटिलेंकस नाही.

ऑलिव्हवाल्यांसाठी

राजस्थानात 2008 पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्ह लावलेत, तिकडे काम करणारी आपली काही मंडळी आहेत म्हणून लिहितो. पद्धत सगळी हीच, फरक मुळाचा आणि पाहुण्यांचा. ऑलिव्हवर पण इनकॉग्निटा आणि जावानिका येतात, आणि प्रॅटिलेंकस व्हल्नस हा मोठा त्रास, तो मुळाच्या आत असतो म्हणून नुसती माती दिली तर कमी दिसतो, बारीक मुळ्या जास्त द्या. लिंबूवर्गीयाचा टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स ऑलिव्हवर पण जगतो आणि द्राक्षावर पण, त्यामुळे संत्रा-मोसंबीच्या जुन्या रानात लावलं असेल तर तो मुद्दाम शोधायला सांगा. दक्षिण स्पेनमध्ये अंडालुसिया हा ऑलिव्हचा सगळ्यात मोठा पट्टा, तिथल्या जंगली ऑलिव्हवर 2003 मध्ये मेलॉयडोगायनी बेटिका नावाची नवीनच जात सापडली, म्हणजे पुस्तकातल्या नेहमीच्या नावांत बसत नाही म्हणून ती गाठ सोडून द्यायची नसते.

ऑलिव्ह असो की डॉगरिज, सूत्रकृमी बागेत येतो तो बऱ्याचदा नर्सरीच्या पिशवीतूनच. लागवडीआधी गाडीतल्या काही पिशव्या कुठूनही उचला, पिशवी फाडून मातीचा गोळा बादलीत बुडवा आणि वर लिहिल्याप्रमाणे मुळावर भिंग लावा, नर्सरीवाला कितीही कुरकुरला तरी. एका पिशवीत जरी खरी गाठ मिळाली तरी गाडी परत पाठवा.